अठरा सह्या

सुरुवातीलाच माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही, आणि लिहून ठेवावं असं काही माझ्या हातून घडलंय असंही नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. घरात पुस्तकं म्हणजे माझी शाळेची पुस्तकं, आणि तीसुद्धा आई पावसाळ्यात पिशवीत घालून आढ्याला टांगून ठेवायची. त्यामुळे वाक्य कुठे सुरू करावं, कुठे थांबवावं, याचा मला अजून नीट अंदाज येत नाही. शिवाय जे सांगायचंय त्यात चूक माझी आहे. स्वतःच्या चुकीबद्दल लिहिणारा माणूस नकळत स्वतःला थोडं बरं दाखवतो, असं मला वाटतं. कुठे तसं झालं असेल तर वाचणाऱ्याने तेवढं वजा करावं.

मी डहाणू तालुक्यातल्या एका पाड्यावरचा. तलासरीची हद्द आमच्यापासून पायी अर्ध्या तासावर. गावाचं नाव लिहीत नाही, माणसांचीही नाही. माणसं अजून तिथेच राहतात आणि त्यांना रोज एकमेकांच्या दारावरून जावं लागतं. घरी आम्ही जे बोलतो ते तसंच लिहिलं तर पुष्कळांना कळणार नाही, म्हणून बोलणं साधं करून लिहिलंय.

आमच्या वॉर्डातून ग्रामपंचायतीवर निवडून आलेल्या बाई आधी अंगणवाडीत मदतनीस होत्या. मी दहावीत होतो त्या वर्षी जागा महिलांसाठी राखीव झाली आणि त्या उभ्या राहिल्या. गावात सगळे त्यांना मेंबर बाई म्हणत, समोर नुसतं बाई. निवडून आल्यावर त्यांनी पहिली गोष्ट केली ती ही, की अंगणवाडीतला कडा तुटलेला एक फळा मागून घेतला आणि पाण्याच्या टाकीपाशी, जिथे सगळा गाव पाणी भरतो, तिथल्या भिंतीला ठोकला. फळ्याच्या मधोमध एक रेघ. डावीकडे लोकांनी काय सांगितलं ते, उजवीकडे त्याचं काय झालं ते. रेशनचं दुकान वेळेवर उघडत नाही. शाळेच्या वाटेवरची मोरी फुटली. खांबावरचा दिवा बंद. उजवीकडे बाई त्यांच्या वाकड्या अक्षरात लिहायच्या: 'झालं', किंवा 'सांगितलं, उत्तर नाही', किंवा 'दोनदा सांगितलं, उत्तर नाही'. काम झाल्याशिवाय ओळ पुसायची नाही, हा त्यांचा नियम होता. दर सोमवारी सकाळी त्या फळ्याशेजारी उभ्या राहून सगळा फळा मोठ्याने वाचायच्या, स्वतःला जे जमलं नाही त्यासकट.

लोक हसायचे. "बाईंची शाळा अजून सुटली नाही," म्हणायचे. आमच्या शेजारच्या म्हाताऱ्या काकीने एकदा हंडा डोक्यावर घेता घेता विचारलं, "बाई, माझा जावई दारू सोडत नाही. डावीकडे लिही की."

बाईंनी खरंच खडू उचलला. "लिहिते. पण उजवीकडे पाच वर्षं 'उत्तर नाही' असंच राहील. चालेल?"

"मग राहू दे," काकी म्हणाली. "तेवढं मलाही माहीत आहे."

फळ्यावरची सगळ्यात जुनी ओळ टाकीची होती. टाकी माझ्या जन्माआधीची, चार उंच खांबांवर उभी. खांबांच्या सिमेंटला पोपडे येऊन ते गळून पडलं होतं आणि आतल्या गंजलेल्या सळ्या उघड्या पडल्या होत्या. टाकीला खेटूनच अंगणवाडीची पत्र्याची खोली. 'टाकीचे खांब, पाहणी करावी', असं डावीकडे लिहिलेलं होतं. उजवीकडे बाई आता शब्द लिहीत नव्हत्या, प्रत्येक वेळी सांगून आल्या की एक उभी रेघ मारायच्या. रेघांनी ती ओळ भरून गेली होती. आम्हाला त्याची सवय झाली होती. टाकी उभी आहे म्हणजे उभीच राहणार, असं मीही धरून चाललो होतो.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो, त्या हिवाळ्यात जमीन हलायला लागली.

पहिल्यांदा हलली तेव्हा मी घरात वाचत बसलो होतो. मांडणीवरची भांडी एकमेकांवर वाजली. बाबा म्हणाले, "खदानीत सुरुंगाचा बार लावला असेल." दुसऱ्यांदा हलली त्या दिवशी खदान बंद होती. तिसऱ्यांदा कोणी बाराचं नाव काढलं नाही.

आधी आवाज येतो. भरलेला ट्रक लांबून यावा तसा पायाखालून येतो, येतच राहतो. मग हलणं, ते दोन-तीन सेकंदांचं. ते संपतं. पण त्यानंतर पुढचा धक्का येईपर्यंतचा जो वेळ असतो तो संपत नाही. जेवायला बसलं तरी अर्धं लक्ष पायांकडे. आंघोळीला गेलं तरी दार लोटून घ्यायची भीती. कॉलेजात कोणी बाक सरकवला की आमच्याकडची पोरं अर्धी उठायची आणि बाकीचा वर्ग हसायचा. हसणाऱ्यांचा मला राग येत नव्हता. मला फक्त वाटायचं की घरी आई आत्ता कुठे असेल.

आमचं घर कुडाचं. बाबा म्हणायचे, "कूड हलतो, पडत नाही." ज्यांना घरकुलात पक्की घरं मिळाली होती, ज्यांचा आम्ही तीन वर्षं हेवा केला होता, त्यांच्या भिंतींना कोपऱ्यापासून चिरा गेल्या. ते लोक आपल्या नव्या घराबाहेर ताडपत्री बांधून राहायला लागले. त्यामुळे घराची मला तितकी भीती नव्हती. भीती होती टाकीची. धक्का आला की टाकीतलं पाणी हिंदकळायचं. जमीन थांबायची, माणसं बाहेर येऊन एकमेकांना मोजायची, आणि तेवढ्यात वरून सांडलेलं पाणी अंगणवाडीच्या पत्र्यावर धाडकन पडायचं. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. त्या आवाजाने कळायचं की वर केवढं ओझं आहे आणि ते कशावर उभं आहे.

बाईंनी एका दुपारी एका तरुणाला टाकीवर चढवलं आणि वरून दोर सोडायला लावला. दोर जमिनीला टेकला तिथे गाठ मारली. मग दोराचं एक टोक खांबापाशी धरून गाठीएवढ्या अंतरावरून जमिनीवर चुन्याचा गोल ओढला, कबड्डीचं मैदान आखतात तसा. "टाकी आडवी झाली तर इथपर्यंत येणार," त्या म्हणाल्या. अंगणवाडी गोलाच्या आत होती. त्या दिवसापासून मुलं गोलाबाहेर, उघड्यावर बसायला लागली. पण पाण्याचे नळ गोलाच्या आतच होते. बायका आत जाऊन नळाखाली हंडा लावायच्या, झपझप बाहेर येऊन रेघेपाशी उभ्या राहायच्या, आणि हंडा भरला की पुन्हा आत जाऊन उचलायच्या. उचलताना वर कोणी बघत नव्हतं. आई पाण्याला निघाली की मी तिच्याबरोबर जायला लागलो.

पाहणीला एक साहेब येऊन गेले. खांबावर नखाने खरवडून त्यांनी सांगितलं की टाकी रिकामी ठेवा, पुढचं वरून लेखी येईल. लेखी आलं नाही. बाई ग्रामसेवकांकडे गेल्या. मी त्या दिवशी दाखल्यासाठी तिथेच बसलो होतो. ग्रामसेवक वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "बाई, टाकी रिकामी करायला एक चावी फिरवायची. पण दुसऱ्या दिवशी हेच लोक हंडे घेऊन माझ्या दारात. टँकर मागायचा तर लोकांची मागणी दाखवावी लागते. प्रत्येक पाड्याचा अर्ज द्या, सह्यांसकट. त्यात लिहा, टाकी रिकामी करा, पाडून टाका, तोवर टँकर द्या. मग मी लगेच वर पाठवतो."

गावात चार पाडे. बाईंनी चार कागद केले. आमच्या पाड्याचा कागद त्यांनी मला दिला आणि त्याबरोबर शाईचा पॅड. "ज्याचं त्याचं बोट," त्या म्हणाल्या. "सही येत असेल तर सही, नाहीतर अंगठा. मध्ये दुसरा कोणी नको. समजलं ना?"

समजलं, असं मी म्हणालो.

इथे मला थोडं मागचं सांगावं लागेल. अकरावीच्या प्रवेशाला बाबा माझ्याबरोबर आले होते. शिष्यवृत्तीच्या अर्जावर पालकांची सही लागत होती. बाबा म्हणाले, अंगठा देतो. तिथल्या माणसाने बाबांकडे न बघता त्यांचं मनगट धरलं, अंगठा पॅडवर दाबला, कागदावर दाबला आणि हात सोडून दिला. शिक्का मारून झाल्यावर शिक्का बाजूला ठेवतात, तसा. मग आपलीच बोटं कागदाने पुसली. बाबांना त्याचं काही वाटलं नाही. ते चिकूच्या वाडीत कामाला जातात, तिथे रोज हजेरीला अंगठाच देतात. मला मात्र वाटलं, आणि ते मी कोणाला सांगितलं नाही.

तो कागद घेऊन मी रविवारी पाड्यावर फिरलो. अकरा घरं. दिवाळीनंतर बरेच बाप्ये बोटीवर किंवा वीटभट्टीला गेलेले, त्यांची नावं मी लिहिलीच नाहीत. घरात होते त्यांना अर्ज वाचून दाखवला. कोणी नाही म्हटलं नाही. पहिल्याच घरी काकी. तिने अंगठा पुढे केला आणि मी म्हणालो, "काकी, राहू दे. मी तुझी सही करतो."

"मला कुठे सही येते?"

"येत नाही म्हणूनच. तू हो म्हटलंस ना? मग ही तुझीच."

मी तिचं नाव लिहिलं. तिने कागद डोळ्यांजवळ नेला. "ही माझी सही?"

"हो."

"मुंग्यांची रांग चाललीय नुसती," काकी म्हणाली आणि तोंडाला पदर लावून हसत राहिली. मग शेजारणीला हाक मारून म्हणाली, "ये गं, तुझी कशी दिसते बघ."

एकानंतर एक सगळेच म्हणायला लागले, माझी कर, माझी कर. मी दोन पेनं वापरली, एक निळं, एक काळं. काही सह्या तिरक्या केल्या, काही सुट्या अक्षरांत, म्हणजे सगळ्या एकसारख्या दिसणार नाहीत. एवढं मला सुचलं, याचा अर्थ हे बरोबर नाही हेही मला कळत असणार. पण त्या वेळी मला खरंच वाटत होतं की मी काहीतरी चांगलं करतोय. बाबांची सही मी सगळ्यात सावकाश केली. अठरा सह्या झाल्या. पॅडचं झाकण मी उघडलंच नाही. बाईंनी कागद हातात घेतला, वरून खाली बघितलं आणि म्हणाल्या, "तुमच्या पाड्यावर बरेच शिकले की." मी मान हलवली.

ग्रामसभा शाळेच्या खोलीत भरली. चारही कागद टेबलावर होते. पंचायतीत दुसरे एक मेंबर होते, त्यांची चिकूची वाडी. घर किनाऱ्याकडचं, पण वाडी आमच्या गावात, आणि टाकीवरून एक नळ थेट त्यांच्या वाडीत जायचा. आमच्या पाड्यावरचे निम्मे लोक, माझे बाबासुद्धा, त्यांच्याकडेच कामाला. बोलायला ते सभ्य होते. त्यांनी तीन कागद बघून बाजूला ठेवले. आमचा कागद मात्र बराच वेळ हातात धरून ठेवला.

"बाई," ते म्हणाले, "या अठरा जणांतले नऊ माझ्याकडे रोज येतात. रोज सकाळी हजेरीला अंगठा देतात. मी स्वतः पॅड पुढे करतो. हे सही करायला कधी शिकले?"

बाईंनी कागद मागून घेतला आणि बघितला. या वेळी त्यांनी नीट बघितला.

"कोणी केल्या, मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "कागद मी दिलाय. जबाब मी देईन."

"म्हणजे खोट्या आहेत, हे तुम्ही मान्य—"

तेवढ्यात आवाज आला. सगळ्यांनी ओळखला. बाकं ढकलत, एकमेकांच्या पाठीवर पडत लोक दाराकडे गेले. काकी दारात अडखळली, तर त्याच मेंबरांनी तिला दंडाला धरून पायऱ्या उतरवल्या. बाहेर आलो तेव्हा जमीन थांबली होती. मग लांबून पत्र्यावर पाणी पडल्याचा आवाज आला. कितीतरी वेळ कोणी आत जायला तयार नव्हतं. शेवटी गेलो, बसलो, आणि मेंबरांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, आधीपेक्षा हळू आवाजात. ठरलं असं की सह्यांची चौकशी तालुक्याला होईल, आणि ती होईपर्यंत चारही अर्ज थांबवून ठेवायचे.

मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. बाई माझ्यापासून दहा हातांवर होत्या. मी उठलो नाही.

पुढचे दिवस मी कसे काढले ते सांगता येणार नाही. माझ्यामुळे टाकी भरलेली होती. माझी आई, काकी, सगळ्या बायका माझ्यामुळे त्या गोलात पाय टाकत होत्या. आधी धक्का आला की मी जमिनीला घाबरायचो. आता धक्का आला की पाण्याच्या आवाजाची वाट बघायचो, आणि तो आला की हायसं वाटायचं, कारण पाणी सांडलं म्हणजे टाकी अजून वरच आहे. त्यात पोलिसांची भीती वेगळीच. खोटी सही म्हणजे कोणता गुन्हा, किती वर्षं, हे मी कॉलेजच्या वाचनालयात शोधलं आणि सापडल्यावर पुस्तक घाईने परत कपाटात ठेवलं. बाबांनी एका संध्याकाळी एवढंच सांगितलं, "आज हजेरीला त्यांनी माझ्या अंगठ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं." मग म्हणाले, "तू केलीस ना माझी सही?"

"हो."

"सगळ्यांची?"

"हो."

"मला वाटलं कॉलेजात गेल्यावर असं चालत असेल," बाबा म्हणाले.

त्यांना खरंच तसं वाटलं होतं. पाड्यावरच्या सगळ्यांनाच. मी शिकलेला, मला माहीत असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाईंकडे गेलो. त्या अंगणात भाताच्या कण्या पाखडत होत्या. मी उभ्यानेच सांगितलं. त्यांनी सूप खाली ठेवलं नाही.

"मला ग्रामसभेतच कळलं होतं," त्या म्हणाल्या.

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलतोस का बघत होते."

मला रडू आलं. त्यांनी माझी समजूत काढली नाही. जरा वेळाने विचारलं, "लोकांनी हो म्हटलं होतं? खरंच, एकूण एक?"

"हो बाई. देवाची शपथ, आईची—"

"शपथा नको. लिहून दे. काय केलंस, कसं केलंस, कोणाला न विचारता केलंस. तालुक्याला देऊ." आणि मग, "आधी फळ्यावर लिही."

मी म्हणालो, "बाई, फळ्यावर सगळे वाचतील."

"त्यासाठीच तो आहे. माझं जे चुकतं ते मी वाचते ना दर सोमवारी? तुझं तू वाच."

त्या माझ्याबरोबर टाकीपर्यंत आल्या. गोलाच्या आत, फळ्यापुढे उभं राहून मी टाकीच्या ओळीसमोर लिहिलं: 'आमच्या पाड्याच्या सह्या मी केल्या. बाईंना माहीत नव्हतं. लोकांची संमती होती.' खाली माझं नाव. खडू दोनदा मोडला. पाणी भरायला आलेल्या बायका रेघेबाहेर उभ्या होत्या. मी वाचून दाखवलं. कोणीतरी म्हणालं, "एवढंच ना? मग अंगठे देऊ की आता." दुसरी म्हणाली, "पोरगा जाईल ना तुरुंगात." माझी आई हंडा नळाखाली ठेवून तशीच उभी होती, हंडा भरून वाहत होता.

तालुक्याला आमच्या पाड्यावरचे अठराही जण एका टेम्पोतून गेले. ज्यांच्याकडे वाडीचं काम होतं त्यांनी दिवस बुडवला. चौकशीच्या साहेबांनी एकेकाला आत बोलावलं. दार उघडं होतं, मला ऐकू येत होतं. बाबा म्हणाले, "साहेब, सही माझीच, हात पोराचा. टाकी रिकामी करा हे मीच म्हटलं. अंगठा आत्ता घ्या." साहेबांनी विचारलं, "मग तेव्हाच का नाही दिला?" बाबा म्हणाले, "पोराला बरं वाटत होतं."

काकीने आत जाताच पॅड मागितला. साहेब म्हणाले, आजी, आधी बसा तरी. काकी म्हणाली, "बसले की जमीन हलते, साहेब. उभ्यानेच घ्या."

मग माझा जबाब. मी तीन पानं लिहून नेली होती. साहेबांनी ती वाचली, एका ठिकाणी पेनाने रेघ मारली, सही करायला सांगितलं. माझी सही माझ्याच्याने नीट होईना. "कळवू," ते म्हणाले.

उन्हाळा गेला. कळवलं नाही. टाकी भरलेलीच होती. धक्के कमी झाले, मग पुन्हा वाढले. बाई दर सोमवारी फळा वाचत होत्या आणि माझी ओळही वाचत होत्या, आवाज चढवून नाही की उतरवून नाही. तोवर बाबांनी ठरवलं होतं की मी इथे राहायचं नाही. "केस झाली तर तू लांब बरा," ते म्हणाले. केस अशी टळत नाही हे मी त्यांना सांगितलं नाही. तिसऱ्या वर्षाला मी पालघरला कॉलेज बदललं आणि तिथल्या वसतिगृहात राहायला गेलो. रानशेतला दिलेली माझी बहीण म्हणाली, सुटलास. मला तसं वाटलं नाही. तिथे जमीन फारशी हलत नव्हती, आणि नेमकी तीच गोष्ट मला सहन होत नव्हती. पंख्याखाली बसलो की आठवायचं की आत्ता सकाळ आहे, आत्ता आई पाण्याला गेली असेल. बाबांकडे फोन नाही. दुकानातल्या फोनवरून ते महिन्यातून एकदा बोलायचे. प्रत्येक वेळी मी पहिलं टाकीचं विचारायचो आणि प्रत्येक वेळी ते म्हणायचे, "उभी आहे."

पाऊस असा संपला. दिवाळीच्या आधी आमची सत्र परीक्षा होती. ती झाल्यानंतर तिसऱ्या दिवशी, दुपारी, बाबांचा फोन आला. महिना व्हायचा होता अजून.

"परीक्षा संपली ना?" त्यांनी आधी विचारलं.

"संपली. काय झालं?"

"टाकी रिकामी केली. आता पाडायला माणसं येणार आहेत. टँकर येतो रोज सकाळी."

काही तरी बोललो असेन, आठवत नाही.

"आणि बाईंना काढलं," बाबा म्हणाले.

दोन कागद एकाच आठवड्यात आले होते. पहिल्यात चारही पाड्यांची मागणी मान्य झाली होती, आमचे तालुक्याला दिलेले अंगठे धरून. दुसऱ्यात असं होतं की मेंबराने खोट्या सह्यांचा अर्ज दिला, सबब तिचं सदस्यत्व रद्द.

"पण मी लिहून दिलं होतं, बाबा. त्यांना माहीत नव्हतं म्हणून लिहिलं होतं."

"ते लावलंय ना कागदाला," बाबा म्हणाले. "ग्रामसेवकाने वाचून दाखवलं. सह्या खोट्या होत्या, याला पुरावा म्हणून तुझीच पानं लावलीत. बाईंना माहीत नव्हतं, ते त्यांनी धरलं नाही."

मागे दुकानात कोणीतरी सुटे पैसे मागत होतं.

"कधी आले कागद?" मी विचारलं.

"झाले दोन आठवडे."

"आणि मला आत्ता सांगताय?"

"मी त्याच दिवशी फोन लावणार होतो. बाई दुकानात आल्या आणि म्हणाल्या, पोराची परीक्षा होऊ दे, मग कळव."